थंडावणारं पाणी आणि जिगमागची शेपटी: अंजर्ल्याच्या खाडीतलं एक प्रकरण

बास या अमेरिकी माशाच्या शिकाऱ्यांचं एक जुनं सूत्र आहे: पाणी थंडावू लागलं की जिगच्या, म्हणजे वजनदार डोक्याच्या गळाच्या, मागे ओवलेल्या रबरी ट्रेलरची वळवळ कमी करायची. त्यांच्या तळ्यांपुरतं ते बरोबरच आहे. पण हर्णै-अंजर्ल्याच्या पट्ट्यात बास औषधालाही सापडत नाही. तिथे मार्गशीर्षात जिताडा या खाडीतल्या माशाच्या मागे लागलेल्या माणसाने हे सूत्र किती पाळावं, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे.

प्रकरण दापोली तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षकाचं. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, आपणही तेच म्हणू. रॉड-रीलची गोडी त्यांना पुण्यात शिकताना लागली. बदलीने इकडे आल्यावर जोग नदीची खाडी हाताशी मिळाली. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या उकाड्यात, त्यांना जिताडे चांगले लागत होते. साधा तीन-चार इंची पॅडल टेल, म्हणजे शेपटीच्या टोकाला छोटी टाच असलेला रबरी मासा, जिग हेडवर ओवायचा, कांदळवनाच्या कडेने फेकायचा आणि मध्यम वेगाने ओढायचा. यापलीकडे त्यांनी काही केलं नव्हतं.

मग दापोलीच्या पठारावर थंडी उतरली. इथे थंडीच्या लाटेत पहाटेचा पारा 10 अंशांच्या आसपास येतो. किनारपट्टीला तेवढी बोच नसते, पण रात्रभर वाहणारा मतलई वारा खाडीच्या वरच्या अंगाला गारठवतो. जिताडे लागेनासे झाले. गुरुजींनी वाचलं, व्हिडिओ पाहिले आणि बासवाल्यांचं हिवाळी सामान मागवलं: 14 ग्रॅमचे स्कर्टवाले जिग आणि मागे लावायला चंक जातीचे ट्रेलर. ते तळावरून सावकाश खरवडत ओढायला सुरुवात केली. हाती आल्या कुरतडलेल्या शेपट्या, कालवांच्या खडकात अडकून तुटलेले जिग आणि अधूनमधून एखादी चिडलेली चिंबोरी.

मी बघायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं ते असं: "यापेक्षा कमी वळवळणारा ट्रेलर कुठला?"

ट्रेलरची ओळख नसलेल्यांसाठी दोन शब्द. बासचा जिग म्हणजे शिशाचं किंवा टंगस्टनचं डोकं बसवलेला गळ. डोक्यामागे बारीक रबरी धाग्यांचा झुपका असतो, त्याला स्कर्ट म्हणतात. गळाच्या दांड्यावर मागून जो मऊ प्लास्टिकचा तुकडा ओवतात तो ट्रेलर. तो आकार भरीव करतो, जिग खाली बुडण्याचा वेग कमी करतो आणि हालचाल देतो. त्यातला चंक म्हणजे जाड, ठेंगणा, दोन आखूड पाय असलेला तुकडा. तो फारसा हलत नाही. क्रॉ म्हणजे चिंबोरीच्या डेंग्यांसारखी दोन पातळ पाती. ती बुडतानाही फडफडतात. मग सरळ शेपटीचे, कोळंबीच्या आकाराचे, पॅडल टेल वगैरे. उन्हाळ्यात क्रॉ आणि हिवाळ्यात चंक, हा बासवाल्यांचा ढोबळ रिवाज.

हा रिवाज कुठून आला ते पाहिलं तर अर्धा गुंता सुटतो. बासवाले थंड पाणी म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात 15 अंशांच्या खालचं, बऱ्याचदा 10 च्या जवळचं पाणी असतं. मासा थंड रक्ताचा. त्या पाण्यात त्याचं पचन मंदावतं, एकदा पोट भरलं की ते बराच वेळ भरलेलं राहतं, आणि पळत्या भक्ष्यामागे धावणं त्याला परवडत नाही. दुसरं कारण माशाचं नाही, मालाचं आहे. मऊ प्लास्टिकच्या गांडुळांचा जमाना 1949 मध्ये निक क्रीम यांनी ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये सुरू केला. त्याच्या आधी, आणि नंतरही कितीतरी वर्षं, जिगमागे डुकराच्या कातडीचा खारवलेला तुकडा लावत असत. गारठ्यात प्लास्टिक ताठरतं, कातडी मऊच राहते. म्हणून हिवाळ्यात कातडीचा ठेंगणा तुकडा बरा ठरला, आणि पुढे प्लास्टिकच्या चंकने त्याचाच आकार उचलला. म्हणजे 'थंडीत कमी वळवळ' या सल्ल्यात मासा किती आणि ताठरलेलं प्लास्टिक किती, हे वेगळं काढावं लागतं. अंजर्ल्याच्या पाण्यात प्लास्टिक ताठरत नाही, त्यामुळे सल्ल्याचा तेवढा भाग तिथेच गळून पडतो.

उरला मासा. आम्ही मासे पाळणाऱ्यांचा साधा काचेचा थर्मामीटर दोरीला बांधला, खाली शिसं लावलं आणि वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या जागी बुडवला. पहाटे, ओहोटीच्या शेवटी, खाडीच्या वरच्या अंगाला 23 च्या आसपास. त्याच सकाळी भरतीचं पाणी चढू लागल्यावर मुखाकडे 26. दुपारी उन्हात तापलेल्या चिखलावरून परत येणारं पाणी 27.

आता हे आकडे दोन माशांच्या नजरेने वाचा. 23 अंश म्हणजे बासचा भर सुखाचा काळ. आकडाच प्रमाण मानला तर सूत्राप्रमाणे गुरुजींनी सगळ्यात फडफडणारा क्रॉ लावायला हवा होता! जिताड्याची गोष्ट वेगळी. तो उष्ण पाण्याचा मासा. 26 ते 30 अंशांत जोमाने खातो आणि वाढतो, 20 च्या खाली गेलं की खाणं जवळजवळ सोडतो. त्याच्यासाठी 23 म्हणजे अंगावर गोधडी घेऊन बसण्याची वेळ, आणि 26 म्हणजे बऱ्यापैकी नेहमीचा दिवस. तेव्हा अमेरिकेतला आकडा इकडे आणता येत नाही. आणायचंच असेल तर 'माशाच्या सोयीच्या पट्ट्यापासून पाणी किती खाली गेलं' हे अंतर आणावं. अंजर्ल्यात ते अंतर दिवसातल्या काही तासांपुरतं, आणि खाडीच्या काही भागापुरतंच पडतं.

याचा अर्थ ट्रेलर बदलण्याआधी वेळ बदलायला हवी होती. हे सांगायला थर्मामीटरही लागला नसता. खाडीवर पाग, म्हणजे फेकजाळं, टाकणारे एक वयस्क काका आहेत. गुरुजींनी त्यांना विचारलं, "काका, थंडीत जिताडा जातो तरी कुठं?" काका पाग झटकत म्हणाले, "जातोय कुठं! गुरुजी, पहाटचं पानी सुकत असंल तर घरीच च्या पीत बसा. पानी चढाय लागलं की मग या."

काकांच्या बोलण्यात सगळं आलं. हिवाळ्यात रात्री समुद्रापेक्षा खाडी जास्त निवते, कारण ती उथळ आणि वर मतलई वारा. पहाटेची ओहोटी हेच निवलेलं पाणी चिखलाच्या पठारावरून गोळा करून खाली आणते. भरती मात्र समुद्राचं ऊबदार पाणी आत ढकलते. दुपारी उलटं: तापलेल्या चिखलावरून उतरणारी ओहोटीच ऊब घेऊन येते. म्हणून हिवाळ्यात सकाळी भरती आणि दुपारी ओहोटी असे दिवस हवेत. आपल्याकडच्या जुन्या हिशोबाने तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वा अकरा, त्रयोदशीला पावणेदहा, अष्टमीला सहा. किनाऱ्याप्रमाणे यात थोडं मागेपुढे होतं, आणि खाडीत जितकं आत जावं तितका उशीर होतो, पण अंदाजाला पुरतं. त्रयोदशी ते पौर्णिमा, तशीच वद्य त्रयोदशी ते अमावास्या, या दिवसांत सकाळभर पाणी चढतं आणि दुपारभर उतरतं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे कमी जोराच्या भरतीला, सहालाच पूर्ण भरती होऊन गेलेली असते. त्यानंतर सकाळभर गार पाणी उतरत राहतं, आणि तेही प्रवाहाच्या मरगळलेल्या ओढीने.

गुरुजी शाळेमुळे रविवार आणि सुट्ट्या बघून जात. तिथी बघून नाही. ऑक्टोबरमध्ये ते चाललं, कारण तेव्हा सगळंच पाणी उबदार होतं.

वेळ सुधारल्यावर मासे दिसू लागले, पण चंकला तोंड लावेनात. कांदळाच्या मुळांशी बोयट माशांची पिल्लं उडायची, मागे भोवरा उठायचा, आणि आमचा जिग तळाशी पडून केंडांना नाश्ता पुरवायचा. केंड, फुगणारा काटेरी मासा, हिवाळ्यातल्या नितळ पाण्यात फार त्रास देतो. त्याची चोच प्लास्टिक कात्रीने कापल्यासारखं कापते, आणि तळाशी संथ पडलेली वस्तू त्याला आयतीच मिळते. म्हणजे 'सावकाश, तळावर, कमी हालचाल' ही तळ्यातली रीत खाडीत नेमकी चुकीच्या गिऱ्हाइकासमोर माल ठेवत होती.

खाडी आणि तळं यांतला मोठा फरक ओढीचा आहे. तळ्यातलं पाणी उभं असतं. तिथे ट्रेलर जेवढा आपण हलवू तेवढाच हलतो, म्हणून त्याचा आकार हीच त्याची हालचाल. खाडीत पाणीच शेपटी हलवतं. रॉड स्थिर धरून जिग ओढीत नुसता टांगला तरी पॅडल टेलची टाच मारत राहते. चंक टांगला तर ठोकळ्यासारखा लटकतो. आणि मोठ्या पात्यांचा क्रॉ टांगला तर ओढ त्याला पकडून वर उचलते, दोरी पिळवटते, जिग जिथे हवा तिथे राहतच नाही. स्कर्टचंही तेच. धाग्यांचा झुपका तळ्यात फुलतो, ओढीत चिकटून बसतो आणि वर ओढीला धरायला जागा देतो. मग तळ गाठायला जड डोकं लागतं, जड डोकं कालवांत अडकतं, आणि शिवाय इतक्या वेगाने बुडतं की सुस्तावलेल्या माशाला बघायला सवडच मिळत नाही. गुरुजींच्या 14 ग्रॅममागची साखळी ही अशी होती.

मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी. बासवाल्यांच्या सूत्रात वेग आणि वळवळ एकत्र बांधलेत, कारण 10 अंशांच्या पाण्यात दोन्ही एकदमच कमी करावे लागतात. आपल्या खाडीत ते सोडवून घ्यायला हवेत. 24-25 अंशांतला जिताडा थोडा आळसावलेला असतो, त्यामुळे वेग कमी हवा. पण त्याने खाणं सोडलेलं नसतं, मेलेला तर तो नसतोच. भक्ष्य जिवंत आहे हे त्याला कळायला हवं, त्यामुळे वळवळ हवीच. म्हणजे शोधायची ती कमी वळवळणारी शेपटी नाही. कमी वेगातही वळवळायला लागणारी शेपटी शोधायची.

हे दुकानात पाकिटावरून कळत नाही. चाचणी सोपी आहे: जिग हेडवर ओवा, दोरीला बांधा आणि नितळ पाण्याच्या टाकीत किंवा विहिरीत सोडा. नुसतं बुडताना शेपटी मारते का? मग अगदी हळू वर ओढा. कुठल्या वेगाला टाच हलायला लागते? गुरुजींच्या डब्यातल्या ऑक्टोबरच्या पॅडल टेलना जाड मान होती. वेगात त्या छान मारत, हळू ओढल्या की काठीसारख्या. टाचेच्या आधीची मान पातळ असलेले, आणि जरा मऊ प्लास्टिकचे, बुडतानाही मारत होते. चार इंचीवरून तीन इंचीवर आलो तेही याच हिशोबात. गार पाण्यात घास लहान बरा, आणि तेव्हा कांदळात फिरणारी बोयटांची पिल्लं आणि कोळंबीही त्याच मापाची असतात.

शेवटी निवड अशी झाली. भरतीच्या ओढीत, पुलाच्या खांबांच्या मागच्या सावलीत आणि कांदळातल्या छोट्या चोंढ्यांच्या, म्हणजे ओहळांच्या, तोंडाशी: स्कर्ट नाही, 7 ते 10 ग्रॅमचं जिग हेड, पातळ मानेचा तीन इंची पॅडल टेल. ओढीच्या वरच्या अंगाला फेकायचा, दोरी जेमतेम ताठ राहील इतकंच गुंडाळायचं, पाण्याला त्याला खाली आणू द्यायचं. ओढ जिथे खांबाला आपटून मोडते तिथे जिग क्षणभर बुडतो, आणि बहुतेक झटके तिथेच बसतात. पाणी फिरण्याआधी ओढ थांबते तेव्हा मात्र पॅडल टेल काढून कोळंबीच्या आकाराचा, सरळ शेपटीचा, बारीक पायांचा तुकडा. त्याला फारशी वळवळ नाही, पण पाय थरथरतात. उभ्या पाण्यात खरी कोळंबी तरी कुठे नाचत असते?

स्कर्टवाला जिग आणि ट्रेलर यांना अगदीच रजा दिली नाही. खडकाळ कडेला, जिथे कालवांचे थर आणि फटीफटीत चिंबोऱ्या, तिथे तांबोशी राहते. तिला तळावरचं खाणं आवडतं. तिच्यासाठी स्कर्ट कात्रीने अर्धा केला, मागे छोट्या डेंग्यांचा क्रॉ लावला, चंक नव्हे. बासच्या जिगवर गळाच्या टोकापुढे ताठ तंतूंचा झुपका असतो, काटेकुटे टाळायला. तो खडकात कामाचा, पण आहे तसा ठेवला तर तांबोशीच्या झटक्याला गळ रुतत नाही. अर्धे तंतू कापावे लागले. एक गोष्ट सामान विकणारे सांगत नाहीत: गोड्या पाण्यातल्या बाससाठी केलेल्या बऱ्याच जिगचा गळ बारीक तारेचा असतो. जिताडा खांबाकडे वळला की तो सरळ होतो, आणि खाऱ्या पाण्यात आठवड्यात तांबूस पडतो. जाड तारेचे, खाऱ्या पाण्याचे जिग हेडच घ्यावेत. लीडर, म्हणजे गळाजवळचा दोरीचा शेवटचा तुकडा, तोही जाड हवा. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते; दोरी त्यावर घासली की संपलं. हात घालतानाही तीच कड आठवावी.

केंडांसाठी एक उपाय झाला. टीपीई नावाच्या लवचिक, रबरासारख्या प्लास्टिकचे मासे मिळतात, झेडमॅन कंपनीचे इलाझटेक त्यातलेच. ते ताणले तरी तुटत नाहीत आणि पाण्यात तरंगतात, त्यामुळे तळाला टेकलेल्या जिगवर शेपटी वर उभी राहते. कोळंबीच्या तुकड्यासाठी हे फारच सोयीचं. फक्त ते साध्या पीव्हीसी प्लास्टिकच्या माशांसोबत एका डब्यात ठेवायचे नाहीत. दोन्ही एकमेकांना लागले की वितळून लगदा होतो. ज्या पाकिटात आले त्यातच राहू द्यावेत. आणि साध्या प्लास्टिकचे मासे स्कूटरच्या डिकीत ठेवू नयेत. अमेरिकेतला माणूस थंडीने ताठरलेल्या शेपटीची काळजी करतो. आपल्याकडे दापोलीच्या बाजारात दुपारी उभ्या केलेल्या स्कूटरमध्ये शेपट्या वाकड्या होतात, आणि वाकडी शेपटी मारत नाही, जिगला गरगर फिरवते. वाकलेली शेपटी कढत पाण्यात थोडा वेळ बुडवून सरळ धरली, मग गार पाण्यात टाकली की ठीक होते. चहाचं आधण चालतं, घरच्यांची हरकत नसेल तर.

रंगाबद्दल गुरुजींनी बरंच विचारलं. मी त्याला शेवटची जागा देतो. हिवाळ्यात पाणी नितळ असतं तेव्हा बोयटासारखा करडा-रुपेरी किंवा पारदर्शक कोळंबी रंग. उधाणाने गाळ उठवला की गडद रंग, आकार स्पष्ट दिसावा म्हणून. यापुढचं सगळं आवडीचं.

परिणाम? मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आधीच्या दिवसांत, सकाळच्या चढत्या पाण्यावर, पुलाच्या खांबाशी गुरुजींना जिताडे लागले. ऑक्टोबरइतके नाहीत. तितके हिवाळ्यात लागतही नाहीत. खडकाच्या कडेला तांबोशी मिळाली. एवढ्यावरून शेपटीने केलं की तिथीने केलं, हे ठामपणे वेगळं सांगता येणार नाही, कारण दोन्ही जवळजवळ एकाच वेळी बदलले. मला विचाराल तर तिथीचा वाटा मोठा. एक पुरावा उलट बाजूचाही नोंदवतो: पौषात थंडीची लाट आली, पहाटेचं पाणी आणखी उतरलं, त्या गारठ्यात गुरुजींनी हट्टाने एकदा चंक लावला आणि खांबाच्या मागच्या उभ्या पाण्यात त्याला एक मध्यम जिताडा लागला. सूत्र तिथे लागू पडलं, कारण तेवढ्या तासापुरतं पाणी त्या माशासाठी खरोखर थंड होतं आणि ओढही नव्हती. म्हणून चंकचं पाकीट फेकलेलं नाही. डब्याच्या कोपऱ्यात आहे, फक्त बाहेर काढायच्या आधी थर्मामीटर बुडवायचा असं ठरलंय.

मोठ्या माद्या सोडून द्यायच्या, हेही गुरुजींनी मान्य केलं. जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, त्यामुळे खाडीतला सगळ्यात मोठा मासा बहुधा मादीच. पावसाळ्यात खाडीच्या मुखाकडे अंडी तीच घालते. काकांना हे फारसं पटलेलं नाही. ते म्हणाले, "सोडायचाच तर धरता कशाला, गुरुजी?"

माघात दिवस मोठा होईल, दुपारचा खारा वारा जोर धरेल आणि खाडी पुन्हा ऊब पकडेल. तेव्हा चार इंची पॅडल टेल परत येतील, पण या वेळी पातळ मानेचे. जाड मानेची जुनी पाकिटं गुरुजींनी चिपळूणच्या एका मित्राला दिली आहेत. तो वाशिष्ठीत वेगाने ओढून बघणार आहे.